धार नसलेली सुरी

प्रश्न : माझा भाचा नेपाळला गेला होता. धरानहून त्यानं माझ्यासाठी हाती घडवलेली खुकरी आणली. म्यानाच्या पाठीला दोन चिमुकल्या सुऱ्या आहेत, पण त्यातल्या एकीला धारच नाही. दुकानदारानं गंडवलं का? मोठ्या पात्यालाही मुठीजवळ खाच आहे, ती कशासाठी? आणि खुकरी एकदा उपसली की रक्त दाखवल्याशिवाय परत ठेवायची नसते म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : गंडवलेलं नाही. बिनधारेची ती चकमक. मोठ्या पात्याची मुडपलेली धार तिच्यावर घासून सरळ करतात, आणि गारगोटीवर मारून ठिणगीही पाडतात. जोडीची धारेची ती कर्द, बारीकसारीक कामांसाठी. रक्ताची गोष्ट निव्वळ दंतकथा. नेपाळच्या खेड्यांत खुकरीनं सरपण फोडतात, मटण तोडतात, झुडपं साफ करतात. दर वेळी रक्त दाखवायचं तर एव्हाना कुणाला बोटं उरली नसती!

खाचेत कुणाला गाईचं खूर दिसतं, कुणाला शंकराचा त्रिशूळ. रक्ताचा ओघळ मुठीवर येऊ नये म्हणून ती असते, असंही सांगतात. एवढ्याशा खाचेनं ओघळ अडेल हे मला काही पटत नाही. धार लावणाऱ्याला मात्र ती सोयीची, कारण दगड कुठं थांबवायचा ते नेमकं कळतं.

खुकरीची खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. ती घडवतात कामी, म्हणजे तिथले लोहार. पोलाद बहुधा गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं. त्याचा तुकडा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर घणाखाली ठोकायचा, पुन्हा तापवायचा. पातं आकाराला आलं की शेवटच्या तावाला कारागीर चक्क चहाची किटली उचलतो. लालबुंद पात्याच्या फक्त धारेवर बारीक धारेनं पाणी सोडत जातो. पोटाशी जास्त, टोकाकडे बेतानं. पाठीला पाणी लागू देत नाही. म्हणून धार कडक होते, पाठ मऊ राहते आणि घाव बसला तरी पातं तुटत नाही. आपले लोहारही कोयत्याला ‘पाणी देतात’, पण बहुतेकदा पातं बुडवून. इथं ते खरोखर ओततात, नुसत्या नजरेच्या अंदाजानं.

आणि ज्याच्या हातच्या पाण्यावर खुकरीचा सगळा जोर, त्या कामीच्या हातचं पाणी मात्र चालत नसे. 1854 च्या ‘मुलुकी ऐन’ या नेपाळच्या कायद्यानं कामींना ‘पानी नचल्ने’ जातींत, त्यातही अस्पृश्यांत बसवलं होतं. 1963 मध्ये नव्या कायद्यानं हा भेद पुसला. मनातून तो कितपत पुसला गेला, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

तुमची खुकरी कामाची की दिवाणखान्यातली, ते कानशीनं कळेल. धारेजवळ, पोटाच्या फुगीर भागावर कानस हलकीच फिरवा. ती घसरायला हवी. पाठीवर ती चावायला हवी. दोन्हीकडे सारखीच चावली तर धारेला पाणी बसलेलं नाही. पॉलिशच्या चकाकीवर जाऊ नका, आणि हातोडीचे दोन-चार ठसे दिसले तर दोष मानू नका.

आता हाताळणी, कारण जखमा होतात त्या बहुतेक उपसतानाच. म्यान मुठीत गच्च धरू नका. ते आतून लाकडाच्या दोन फाळ्यांचं असतं, आणि धार त्यांच्या सांध्यातून बाहेर येऊन बोटं कापू शकते. म्यान पाठीच्या बाजूनं धरा, पात्याची पाठ आतून म्यानाला टेकलेली ठेवा आणि वळणावळणानं सावकाश ओढा. घाव घालताना मनगट सैल ठेवा. मूठ आवळायची ती अगदी शेवटच्या क्षणी. वजन पुढं असल्यानं काम पातंच करतं. कोयत्यासारखं ओढायला जाऊ नका.

तुमच्याकडच्या पावसात ती चामड्याच्या म्यानात ठेवलीत तर श्रावणापर्यंत गंज चढलाच म्हणून समजा. पातं पुसून तेलाचा हात द्या (नेपाळी लोक मोहरीचं वापरतात) आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चकमकही तिच्यासोबतच असू द्या. धार मुडपली की पहिल्यांदा तीच शोधाल.