लाह्या केवळ नागपंचमीपुरत्याच का?

नागपंचमी जवळ आली की वऱ्हाडातील बाजारांत लाह्या-फुटाण्यांचे ढीग दिसू लागतात. नागाला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला जातो, मुले मूठमूठ लाह्या खातात आणि सण सरला की वर्षभर त्यांचे नाव कोणी काढीत नाही. मक्याच्या लाह्यांना मात्र 'पॉपकॉर्न' या नावाने बारा महिने मागणी असते. वस्तुतः दोन्ही पदार्थ एकाच कुळातील आहेत.

दाण्यात थोडा ओलावा असतो. दाणा तापला म्हणजे त्याची वाफ होते आणि कठीण टरफल तिला कोंडून धरते. मक्याच्या बाबतीत सुमारे १८० अंश सेल्सिअसला टरफल फुटते व आतील मऊ झालेले पिष्ट फुलून बाहेर येते. दाणा अति वाळलेला असेल, अथवा टरफलास चीर गेली असेल, तर वाफ निसटून जाते आणि गणंग तेवढा हाती राहतो. यासाठीच जाणत्या गृहिणी ज्वारी काही वेळ गरम पाण्यात ठेवतात, निथळून रात्रभर फडक्यात बांधतात आणि सावलीत कोरडी करून तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकतात. पदार्थविज्ञानाचे पुस्तक न उघडता साधलेली ही किमया आहे.

लाहीत कोंड्यासह संपूर्ण धान्य पोटात जाते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व जवळजवळ तितकेच तंतू असतात. तेलाचा थेंबही न वापरता हा खाऊ तयार होतो. पॉपकॉर्नचा गुणही हाच; परंतु त्यावर लोणी आणि मीठ यांचा मारा केला की तो गुण उरत नाही. ज्वारीची लाही मक्याइतकी फुलत नाही, दिसायलाही लहान. पण ती आपल्या मातीतील आहे.

आहे, की होती? वाशिम जिल्ह्याच्या खरिपात आज सोयाबीनचे वर्चस्व आहे. पूर्वी कपाशीच्या जोडीने ज्वारी हमखास पेरली जाई. सोयाबीनला रोख पैसा मिळतो आणि ज्वारीवर पाखरे व रानडुकरे तुटून पडतात. तेव्हा शेतकऱ्याला दोष देता येत नाही. तथापि घरातील कणगीतून ज्वारी गेली, तिच्याबरोबर मुलांचा खाऊही गेला आणि त्याची जागा दुकानाबाहेर लटकणाऱ्या तळीव, खारट पुड्यांनी घेतली.

या संदर्भात ग्रामपंचायत सदस्यांनी एक नियम ध्यानात घ्यावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात, तसेच प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत, जादा चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ विद्यार्थ्यांना विकण्यास मनाई आहे. नुसती पुडी हिसकावून मूल ऐकणार नाही. तिच्या जागी हातात काही द्यावे लागेल. स्वयंसहायता गटाच्या महिलांनी भाजलेल्या लाह्या, सोबत फुटाणे व गुळाचा खडा, एवढे मधल्या सुटीस पुरेसे आहे. लाह्या सादळतात, म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

अंगणवाडीसाठी मात्र सावधगिरीची सूचना आहे. चार वर्षांखालील बालकांना अख्ख्या लाह्या, पॉपकॉर्न किंवा फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जीव गुदमरण्याचा धोका असतो. या वयासाठी लाह्यांचे पीठ दळून, चाळून दुधात वा ताकात कालवून द्यावे. आजारातून उठलेल्या माणसालाही आपल्याकडे हेच देत असत.

राहिला प्रश्न बियाण्याचा. प्रत्येक ज्वारीची लाही चांगली होत नाही. त्यासाठी दाणा टणक लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी 'फुले पंचमी' हा वाण विकसित केला आहे. आपल्या जमिनीस व हंगामास तो मानवेल किंवा कसे, याची विचारणा रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात करता येईल. पेरणीपूर्वी मूठभर जुनी गावरान ज्वारीही कढईत टाकून पाहावी. गणंग किती उरतात, हे तेथेच कळते.