पेट्रोलच्या रांगेचे गणित

टंचाई हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारले, तर रॉकेलचा डबा हाती घेऊन शिधावाटपाच्या दुकानापुढे उभे राहून घालविलेल्या सकाळी त्यांना अजून आठवत असतील. परंतु ज्या देशात बहुतेक घरांपुढे मोटार उभी असते, आणि कामावर, शाळेत वा बाजारात जावयाचे तर बहुसंख्य लोकांना मोटारीवाचून गत्यंतर नसते, त्या अमेरिकेत पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा काय घडले, हे पाहणे विद्यार्थ्यांना उद्बोधक वाटेल. या विषयात इतिहास आहे, भूगोल आहे आणि थोडेसे अंकगणितही आहे. त्यातले अंकगणित मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रथम इतिहास पाहू. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त व सीरिया यांनी इस्राएलवर चढाई केली. अमेरिकेने इस्राएलला शस्त्रास्त्रे पुरविली. तेव्हा अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी आपले उत्पादन घटविण्याचे ठरविले आणि अमेरिकेस तेल देणेच बंद केले. ही तेलबंदी मार्च १९७४ पर्यंत टिकली. जे कच्चे तेल पिंपाला सुमारे ३ डॉलर या भावाने मिळत होते, त्याचा भाव काही महिन्यांतच १२ डॉलरांच्या घरात गेला. (तेलाच्या व्यापारातील पिंप सुमारे १५९ लिटरचे धरतात.) या भाववाढीची झळ आपल्या देशालाही लागली. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून ग्वाल्हेरचे तेव्हाचे खासदार अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले होते, ही गोष्ट ग्वाल्हेरकर वाचकांना ठाऊक असेलच.

अमेरिकेत मात्र भाववाढीपेक्षा रांगांनीच लोक अधिक हैराण झाले. पहाटे अंधार असतानाच गाड्या पंपापुढे येऊन उभ्या राहत. काहीजण रात्रीच गाडी रांगेत लावून ठेवीत. रांग पुढे सरकली की इंजिन सुरू करण्याऐवजी गाडी हातांनी ढकलणे पुष्कळांना शहाणपणाचे वाटे, आणि ते खरेही होते, कारण उभ्या गाडीचे चालू इंजिनही पेट्रोल जाळीतच असते. दुसऱ्याच्या गाडीतून नळी लावून पेट्रोल ओढून घेण्याचे प्रकार वाढले, तसा टाकीच्या झाकणांना लावण्याच्या कुलपांचा खप वाढला. आणि हे सारे अशा देशात, की जो स्वतःच जगातील एक मोठा तेलउत्पादक होता! पुरवठ्यात तूट आली होती हे निःसंशय. परंतु विहिरी काही आटल्या नव्हत्या. मग रांग इतकी लांब का?

याचे उत्तर शोधण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. गावात १०,००० मोटारी आहेत. प्रत्येकीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल मावते आणि प्रत्येक मोटार रोज ३ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे गावाचा रोजचा खप ३०,००० लिटर झाला. सुखाच्या दिवसांत मनुष्य टाकी पाव उरली की पंपावर जातो आणि ३० लिटर भरून घेतो. ते त्याला दहा दिवस पुरते. म्हणून रोज साधारण १,००० गाड्या पंपांवर येतात, आणि कोणालाही फारसे तिष्ठावे लागत नाही.

आता गावात वार्ता पसरली की पेट्रोल मिळेनासे होणार आहे. पुरवठा अद्याप एका थेंबानेही घटलेला नाही. पण प्रत्येकजण सावध झाला आणि टाकी पाऊण भरलेली असतानाच ती काठोकाठ भरून घेऊ लागला. आता एका खेपेस तो १० लिटरच घेतो, आणि ते त्याला तीन-सव्वातीन दिवस पुरते. म्हणून रोज पंपावर येणाऱ्या गाड्या १,००० नव्हेत, ३,००० झाल्या. खप तोच, पेट्रोल तेवढेच, रांग मात्र तिप्पट!

एवढ्यावर हे थांबत नाही. पूर्वी टाक्या पाव ते पूर्ण यांच्या दरम्यान असत, म्हणजे सरासरीने प्रत्येक टाकीत २५ लिटर असे. आता त्या पाऊण ते पूर्ण यांच्या दरम्यान राहतात. सरासरी ३५ लिटरांवर गेली. प्रत्येक गाडीमागे वाढलेले हे १० लिटर आले कोठून? पंपांच्या जमिनीखालील टाक्यांतून. दहा हजार गाड्यांचे मिळून ते १,००,००० लिटर होतात, म्हणजे गावाचा तीन दिवसांहून अधिक दिवसांचा पुरवठा. तो जळला नाही, वाया गेला नाही. पंपांच्या टाक्यांतून निघून तो मोटारींच्या टाक्यांत जाऊन बसला. पंप कोरडे पडले, ‘पेट्रोल नाही’ असे फलक लागले, आणि ते फलक पाहून ज्यांनी आजवर घाई केली नव्हती तेही रांगेत येऊन उभे राहिले. एकेकट्या माणसाला दोष द्यावा असे यात काही नाही. उद्या कामावर जावयाचे आहे, घरी आजारी मनुष्य आहे, तर टाकी भरून ठेवणे त्याच्यापुरते योग्यच. पण प्रत्येकाच्या योग्य वागण्यातून सर्वांची अडचण उभी राहते.

हे गणित ध्यानात आले म्हणजे त्या काळी योजलेल्या उपायांतले कोणते उपयोगाचे आणि कोणते निरुपयोगी हे आपले आपणच ठरविता येते. काही पंपचालकांनी ‘एका गाडीस इतकेच पेट्रोल’ अशी कमाल मर्यादा घातली. ऐकावयास हे न्याय्य वाटते. पण थोडे थोडे मिळू लागले की पुनःपुन्हा यावे लागते, आणि रांग वाढते. याच्या उलट काही ठिकाणी टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली असेल तर पेट्रोल द्यावयाचे नाही, असा नियम झाला. तो कठोर भासला तरी नेमका रोगाच्या मुळावर होता.

ऑरेगन राज्याचे गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी १९७४ च्या जानेवारीत सम-विषमाची योजना सुरू केली. गाडीच्या क्रमांकातील शेवटचा अंक विषम असेल तर विषम तारखेस पेट्रोल, सम असेल तर सम तारखेस. तिच्याबरोबर निशाणांचीही सोय होती. हिरवे निशाण असेल तर पंपावर सर्वांना पेट्रोल मिळेल, पिवळे असेल तर केवळ व्यवसायाच्या व तातडीच्या कामाच्या गाड्यांना, आणि तांबडे असेल तर पेट्रोल संपले. या निशाणांची कल्पना मला सम-विषमाहून अधिक आवडते. लांबूनच कळले की पुढे पेट्रोल नाही, तर मनुष्य उगाच रांगेत तासभर घालवीत नाही. सम-विषमाने खप कमी होत नाही, हे उघड आहे. आपल्या काल्पनिक गावातला सव्वातीन दिवसांनी येणारा मनुष्य एक दिवस मागेपुढे करील, इतकेच. आळा बसतो तो रोज येणाऱ्यास. शिवाय आज आपला दिवसच नव्हे हे ठाऊक असल्यामुळे अर्धे लोक घरी स्वस्थ बसतात, हाही लाभ लहान नव्हे. (दिल्लीत २०१६ साली सम-विषम क्रमांकांचा नियम झाला होता, तो मात्र हवेच्या प्रदूषणासाठी होता.)

खप खरोखर कमी करण्याचे उपायही झाले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याने महामार्गांवरील कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर ठरला. वेग वाढला की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो आणि तेवढ्याच अंतराला अधिक पेट्रोल लागते, हे पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांस सांगावयास नको. शेजाऱ्यांनी एकाच मोटारीतून कामावर जाण्याची पद्धत वाढली. चार गाड्यांचे काम एका गाडीत होऊ लागले. पेट्रोलसाठी शिधापत्रेदेखील छापली गेली, पण ती वापरण्याची वेळ आली नाही.

पाच वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग आला. इराणमध्ये क्रांती झाली, जानेवारी १९७९ मध्ये तेथील शहाने देश सोडला, आणि जगाचा तेलपुरवठा सुमारे चार टक्क्यांनी घटला. चार टक्के म्हणजे शंभरातले चारच! तरीही मे महिन्यात कॅलिफोर्नियात, आणि जूनमध्ये पूर्व किनाऱ्यावर, मैलमैल रांगा लागल्या. पेन्सिल्व्हेनियातील लेव्हिटाउन येथे तर जूनच्या अखेरीस दंगल उसळली. या वेळी रांगांना सरकारी नियमांनीही हातभार लावला. पंपाने पूर्वी जितके विकले असेल त्या प्रमाणात त्याचा वाटा ठरे. लोकांनी भीतीने लांबचे प्रवास सोडले, तेव्हा सहलीच्या ठिकाणी पेट्रोल पडून राहिले आणि शहरांत पुरेना. दरावरही नियंत्रण होते. ते जानेवारी १९८१ मध्ये उठले.

दर वाढू द्यावा, की रांग लागू द्यावी, हा प्रश्न मोठा कठीण आहे. दर वाढला तर गरिबाच्या खिशाला चटका बसतो, म्हणून नियंत्रण हवे असे म्हणतात. पण रांगेचीही किंमत असतेच, आणि तीही सर्वांना सारखी नसते. तासावर मजुरी मिळविणाऱ्याचे तीन तास रांगेत गेले तर त्याची तीन तासांची मजुरी बुडते. निवृत्त मनुष्य मात्र वर्तमानपत्र वाचीत बसू शकतो. आणि दरात गेलेला पैसा निदान कोणाच्या तरी हाती पडतो. रांगेत गेलेला वेळ कोणालाच मिळत नाही. माझे मत विचाराल तर, रुग्णालयात जाणारी परिचारिका आणि डॉक्टर यांची गाडी आधी सोडणारा पिवळ्या निशाणासारखा नियम दोन्ही पक्षांस मान्य व्हावा.

१९८१ नंतर अमेरिकेत देशव्यापी रांगा लागल्या नाहीत. लागल्या त्या एकेका प्रदेशापुरत्या, आणि येथे भूगोल पुढे येतो. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी नावाचे चक्रीवादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. न्यू जर्सीत अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांनीही त्या रांगा अनुभविल्या. कित्येक पंपांच्या भूमिगत टाक्यांत पेट्रोल होते, पण वीज गेलेली, तेव्हा ते वर उपसावयाचे कसे? विहिरीत पाणी असून रहाट मोडावा, तशी ही गत. ३ नोव्हेंबरपासून राज्याच्या बारा जिल्ह्यांत सम-विषम सुरू झाले, पुढे न्यू यॉर्क शहरातही झाले. तेथे शेवटचा अंक शून्य असलेल्या गाड्या सम धरल्या गेल्या. शून्य सम की विषम, असा प्रश्न वर्गात निघतो तेव्हा त्याचा व्यवहारात काय उपयोग असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे! नंतर न्यू यॉर्क राज्याने महामार्गांजवळच्या पंपांना जनित्र जोडण्याची सोय करणे बंधनकारक केले.

७ मे २०२१ रोजी याहून विलक्षण गोष्ट घडली. टेक्सासमधील ह्यूस्टनपासून न्यू यॉर्कच्या बंदरापर्यंत ‘कलोनियल’ नावाची नळवाहिनी जाते. सर्व शाखा धरून तिची लांबी सुमारे ८,८०० किलोमीटर, आणि पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन तिच्यातून येते. खंडणीखोरांनी तिच्या कंपनीच्या कार्यालयीन संगणकांना कुलूप घातले. नळाला काहीच इजा झाली नव्हती. पण खबरदारी म्हणून कंपनीने तो बंद केला. आग्नेयेकडील राज्यांत लोक पंपांवर धावले. मिळेल त्या भांड्यात पेट्रोल साठविण्याची इतकी धांदल उडाली, की प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका असे एका सरकारी खात्याला जाहीर करावे लागले. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते, हे जाणणारा घरात पेट्रोल साठविणार नाही. फ्लॉरिडाच्या बहुतेक भागाला तर पेट्रोल जहाजांनी येते, या नळाने नव्हे. तरीही तेथल्या अनेक पंपांवरचे पेट्रोल संपले.

१२ मे रोजी नळ पुन्हा सुरू झाला. परंतु त्यातून इंधन वाहते ते ताशी पाच ते आठ किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. ह्यूस्टनहून निघालेले पेट्रोल न्यू यॉर्कला पोहोचण्यास सुमारे अठरा दिवस लागतात. त्यामुळे नळ वाहू लागल्याची बातमी एका क्षणात घरोघर पोहोचली, तरी पंपांवरचे ‘पेट्रोल नाही’ हे फलक उतरावयास पुढे आणखी कित्येक दिवस लागले.