इंजिन तेच, मग पिस्टन का चालत नाही?

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे 1996 ची डॉज रॅम पिकअप आहे, इंजिन कमिन्सचं 5.9 लिटरचं. ते आता खोलायला आलं आहे. 2001 च्या रॅमचं मोडीत काढलेलं इंजिन त्याला स्वस्तात मिळतंय. दोन्ही सहा सिलिंडरची, दोन्ही 5.9 लिटर. मग एकाचे पार्ट दुसऱ्यात सरसकट का बसवू नयेत?
— एक वाचक, कराड

उत्तर : बसतील पुष्कळ, चालतील त्यातले काही. फसगत होते ती इथेच.

दोन्ही इंजिनांचा बोअर 102 मिलिमीटर आणि स्ट्रोक 120 मिलिमीटर. क्रँकचे मेन जर्नल 83 मिलिमीटरचे, कनेक्टिंग रॉडचे 69 चे. त्यामुळे 2001 ची क्रँक 1996 च्या ब्लॉकमध्ये जाते. फक्त ती आधी कधी ग्राइंड केली आहे का, हे मायक्रोमीटर लावून बघायचं आणि त्या मापाच्या बेअरिंग घ्यायच्या. असे भाग मनात किंतू न ठेवता घ्यावेत.

पिस्टनही मापाने बसेल, पण तो घेऊ नये. 1996 चं इंजिन 12 वॉल्व्हचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन वॉल्व्ह. त्यांच्या दाटीत नोझलला मधोमध जागा नाही, म्हणून ते बाजूने तिरकं येतं आणि पिस्टनच्या माथ्यावरची वाटीही त्याच्यासाठी एका बाजूला सरकवलेली असते. 1998 च्या मध्यावर 24 वॉल्व्हचं इंजिन आलं. चार वॉल्व्हच्या मधे नोझल सरळ उभं राहिलं आणि वाटीही मधोमध आली. आता 2001 चा पिस्टन 1996 च्या हेडखाली घातला, तर डिझेलचा फवारा वाटीत न पडता तिच्या काठावर पडेल. इंजिन सुरू होईलही, पण काळा धूर सोडेल, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरेल आणि पिस्टनचा माथा भाजत जाईल. जोडणी बिनचूक दिसत असताना इंजिन आतून खराब होत असतं, म्हणून ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते.

इंधनाची बाजू तर आणखी बदलत गेली. 1989 ते 1993 च्या रॅममध्ये बॉशचा रोटरी पंप होता. 1994 ला त्याच्या जागी सहा सिलिंडरचा इनलाइन पंप आला, आणि त्याबरोबर नोझलची जाडीही बदलली : आधी 9 मिलिमीटर, नंतर 7. म्हणजे दोन्ही 12 वॉल्व्हची, तरी नोझल एकमेकांत जात नाहीत. 1998 च्या मध्यापासून पंप इलेक्ट्रॉनिक झाला, 2003 ला कॉमन रेल आली आणि दाब सुमारे 1600 बारवर गेला. यातल्या बहुतेक फेरफारांच्या मागे धुराचे नियम आहेत. जाळण्याची रीत बदलली की डिझेल आणि हवा ज्यांना शिवते ते सगळे भाग एकदमच बदलतात. क्रँकला त्याचं सोयरसुतक नसतं.

याच्या उलटा प्रकार अमेरिकेत बराच चालतो. 1998 नंतरचा इलेक्ट्रॉनिक पंप स्वतःमधून वाहणाऱ्या डिझेलवरच थंड राहतो. टाकीतून डिझेल ओढून आणणारा लिफ्ट पंप कमजोर झाला की तो तापून बसतो. म्हणून काही लोक 24 वॉल्व्हच्या इंजिनावर 1994-98 चा इनलाइन पंप चढवतात. त्यासाठी पुढचं गिअर हाउसिंग 12 वॉल्व्हचं लागतं आणि सहा नळ्या वेगळ्या बनवून घ्याव्या लागतात. काम पक्कं होतं, पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते तिथल्या धूर-नियमांना धरून नाही. मुलाने तो नाद करू नये.

हे घराणं आपल्याला परकं नाही. टाटांच्या ट्रकमध्ये हेच 5.9 लिटरचं इंजिन जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून येत होतं, आणि त्या कंपनीचा एक कारखाना तुमच्याच सातारा जिल्ह्यात, फलटणला आहे. याच घराण्यातल्या चार सिलिंडरच्या 3.9 लिटर इंजिनाचा बोअर-स्ट्रोकही 102 आणि 120 च.

इंजिन ओळखताना सनावर विसंबू नका. 1998 च्या गाड्यांत दोन्ही प्रकार निघतात. वरून बघितलं तरी कळतं : 12 वॉल्व्हला सहा सुटी झाकणं असतात, 24 ला एकच लांब. त्याहून खात्रीचा पुरावा म्हणजे इंजिनाच्या पुढच्या अंगाला, गिअर हाउसिंगवर मारलेली पाटी. तिच्यावर इंजिन क्रमांकाबरोबर सीपीएल क्रमांक असतो. त्या इंजिनाला कारखान्यात कोणता पिस्टन, कोणता कॅम, कोणतं नोझल घातलं, ते त्या क्रमांकावरून निघतं. पार्ट मागताना मुलाने सन सांगण्याऐवजी हा क्रमांक सांगावा.

दोन गोष्टी मात्र लगेच कळवा. मोडीतल्या इंजिनाच्या ब्लॉकच्या अंगावर 53 हा आकडा ओतलेला असेल, तर तो ब्लॉक नको. त्या ओतकामाला पाण्याच्या जॅकेटपाशी तडे जातात. आणि स्वतःच्या 1996 च्या इंजिनाचं पुढचं गिअर कव्हर उघडलंच आहे, तर आतली छोटी स्टीलची डॉवेल पिन बघावी. ती सैल होऊन टायमिंग गिअरमध्ये पडल्याची उदाहरणं आहेत. तिच्यावर पत्र्याची एक पट्टी बोल्टखाली आवळून बसवतात. काम अर्ध्या तासाचं, पण कव्हर उघडं असतानाच करायचं.