हार्मोन सुरू झालेत? आता त्वचेकडे बघू

इस्ट्रोजेन आणि सोबत टेस्टोस्टेरॉन दाबणारी गोळी सुरू झाली की साधारण ३ ते ६ महिन्यांत चेहऱ्यावरचं तेल कमी होतं. कातडी मऊ आणि पातळ पडते, जरा कुठे आपटलं तरी काळंनिळं होतं. अशा त्वचेला जुन्या सवयी सोसत नाहीत, म्हणून सवयी बदलायच्या. जवळ एवढंच घ्या: सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन, खोबरेल तेल आणि नवं रेझर. चला, अगदी पहिल्यापासून करू.

१. पहिली गोळी घेण्याआधी रक्त तपासलं नसेल तर आता डॉक्टरांकडून तपासून घ्या. यकृत, मूत्रपिंड, पोटॅशियम आणि हार्मोनची पातळी, एवढं त्यात हवंच. कुणी सांगितलं म्हणून ‘माला-डी’ची पाकिटं भराभर संपवू नका. त्यातल्या इस्ट्रोजेननं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि विडी-सिगारेट ओढत असाल तर तो आणखी वाढतो.

२. चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवा. सकाळी, खिडकीच्या उजेडात, मेकअप न करता. दर महिन्याला त्याच जागी पुन्हा काढा. बदल इतका सावकाश होतो की रोजच्या आरशात तो दिसत नाही, मग डोस वाढवायची घाई होते. आपल्या मनानं डोस वाढवू नका. त्यानं त्वचा लवकर मऊ होत नाही, धोका मात्र लगेच वाढतो.

३. अंघोळीचं पाणी कोमट घ्या. कढत पाण्यानं उरलंसुरलं तेलही निघून जातं. माण, खटाव, जत, आटपाडीकडे बोअरचं जड पाणी असेल, तर शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे ओता.

४. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावा. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. घासायचा दगड आणि काथ्या आता बाजूला ठेवा.

५. दाढी करायची असेल तर आत्ताच, चेहरा ओला असताना करा. रेझर केसांच्या दिशेनं, हलक्या हातानं फिरवा. हे नीट ऐका: अंगावरचे केस हार्मोननं हळूहळू विरळ होतात, दाढीचे मात्र जात नाहीत, कितीही वर्षं गोळ्या घेतल्या तरी. त्यात तुमचं काही चुकत नाही.

६. चिमटा ठेवून द्या. पुष्कळ जणी दुपारभर आरसा घेऊन एकेक केस उपटत बसतात. पातळ झालेल्या त्वचेत तुटलेला केस आतच वळतो, तिथे फोड येतो आणि फोड गेला की काळा डाग मागे राहतो. हनुवटीखाली असे ठिपके दिसत असतील तर कारण बहुधा हेच. लेझरला जायचं मनात असेल तर त्याआधी ४ ते ६ आठवडे एकही केस उपटू नका. लेझर केसाच्या मुळावर काम करतो. मूळच नसेल तर पैसे वाया. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, त्यांना इलेक्ट्रोलिसिस लागतं.

७. अंग टॉवेलनं टिपा. पुसू नका, चोळू नका.

८. लगेच, त्वचा ओलसर असतानाच, मॉइश्चरायझर लावा. हातपायांना खोबरेल तेल चालेल. चेहऱ्यावर मुरुम येत असतील तर तिथे खोबरेल रात्रभर ठेवू नका. इस्ट्रोजेनचं जेल वापरत असाल तर जेलच्या जागेवर तासभर दुसरं काही लावू नका आणि हात साबणानं धुवूनच घरातल्या लेकराला उचला.

९. बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं सनस्क्रीन लावा. दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. इस्ट्रोजेननं काहींच्या गालांवर वांग उठतो, आणि ऊन लागलं की तो गडद होतो. बाजारात, एसटी स्टँडवर दिवसभर फिरणं असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. डोक्यावर पदर किंवा छत्री असेल तर फारच उत्तम.

१०. भंडारा किंवा टिकली त्यानंतरच लावा. पालीच्या खंडोबाला, सौंदत्तीला जाताना कपाळ भरून भंडारा लागतो. तो कोरड्या कातडीवर चोळू नका आणि संध्याकाळी धुवून टाका. रंग मिसळलेल्या पिवळ्या पुडीनं कपाळ चुरचुरतं. सांगलीसारखी हळदीची पेठ जवळ असताना अस्सल हळदच घ्या. टिकलीच्या गोंदानं काहींच्या कपाळावर कायमचा पांढरा डाग पडतो. खाज सुटली की त्याच दिवशी टिकली बंद करा.

११. झोपण्याआधी मेकअप उतरवा. आधी खोबरेलानं विरघळवा, मग फेसवॉशनं धुवा. मुरुमांची जुनी क्रीम आता झोंबेल. दिवसाआड लावा, तरी आग झाली तर थांबवा.

१२. गोरं करणारी ट्यूब घरात असेल तर आजच दुकानदाराला नव्हे, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा आणखी पातळ होते, लाल शिरा दिसतात आणि तोंडावर केस वाढतात. म्हणजे हार्मोननं जे मिळवलं तेच हातचं जातं. तुमचा रंग आहे तो सुंदर आहे, गोरेपणाच्या मागे लागू नका.

१३. तहानेला साधं पाणी प्या. त्वचा कोरडी पडली म्हणून रोज शहाळी फोडू नका. टेस्टोस्टेरॉन दाबणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल तर अंगात पोटॅशियम साठू शकतं, आणि शहाळ्यात तेच भरपूर असतं.

१४. एकच पाय सुजला आणि दुखू लागला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा डोळे-त्वचा पिवळी दिसली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. क्रीम शोधत बसू नका. पिवळेपणा यकृताचा इशारा असतो आणि पायाची सूज गुठळीची असू शकते.

१५. डाग, वांग किंवा पुरळ दोन आठवड्यांत हटत नसेल तर त्वचाविभागात दाखवा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. एकटीनं जायला जीव घाबरत असेल तर मैत्रीण सोबत न्या. आरोग्यसेवेत तृतीयपंथी व्यक्तींशी भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानंच मनाई केली आहे, तेव्हा दारातून परत फिरू नका. आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगा, नाव आठवत नसेल तर रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या.