आधी वाचा, मग सही करा



एकदा गणिताच्या तासाला बाईंनी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या. २७७ आणि २७८. "फरक किती?" बाईंनी विचारले. सगळा वर्ग एकदम ओरडला, "एक!" बाई म्हणाल्या, "बरोबर. या एकामुळे एका माणसाची फार मोठी स्पर्धा हातची गेली. आणि गंमत म्हणजे, हा एक तो खेळलाच नव्हता. नुसता कागदावर होता." मग बाईंनी आम्हांला १९६८ सालच्या गोल्फ स्पर्धेची गोष्ट सांगितली. ती माझ्या मनाला फार लागली. का लागली ते शेवटी सांगते. आधी खेळ समजून घेऊ.

गोल्फ कसा खेळतात?

आपण गोट्या खेळताना जमिनीत गल करतो ना, तसेच गोल्फच्या मैदानात छोटे खड्डे असतात. त्यांना होल म्हणतात. होल अठरा असतात आणि एक दुसऱ्यापासून पुष्कळ लांब असतो. हातातल्या काठीने चेंडू मारत मारत एकेका होलात घालायचा. किती फटक्यांत घातला ते मोजायचे. कबड्डीत ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. इथे सगळे उलट. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला.

प्रत्येक होलसाठी किती फटके लागावेत हे ठरलेले असते, त्याला पार म्हणतात. चार पारच्या होलात तिसऱ्याच फटक्यात चेंडू गेला, तर एक फटका वाचला.

आता मुख्य मुद्दा, नीट लक्ष द्या बरं का. स्पर्धेत खेळाडूचे कार्ड त्याचे त्याने भरायचे नसते. त्याच्याबरोबर खेळणारा खेळाडू ते भरतो. म्हणजे मी तुझे लिहायचे. फेरी संपल्यावर खेळाडूने आपल्या कार्डावरचे अठराही आकडे तपासायचे आणि सही करून कार्ड अधिकाऱ्यांकडे द्यायचे. बेरीज करण्याचे काम त्यांचे. पण प्रत्येक होलचा आकडा बरोबर आहे ही जबाबदारी सही करणाराची. आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहिला गेला असेल तर खेळाडू बाद. जास्त लिहिला गेला असेल तर तो जास्तीचा आकडाच पक्का. हा नियम तेव्हा होता, आणि मूळ नियम आजही तोच आहे.

त्या रविवारी काय झाले?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचे गाव आहे. तिथल्या मैदानावर १९३४ सालापासून मास्टर्स नावाची स्पर्धा भरते. पूर्वी त्या जागेवर रोपवाटिका होती, म्हणून तिथल्या प्रत्येक होलला झाडाचे किंवा फुलाचे नाव आहे. मैदानाची एकूण पार ७२. स्पर्धा चार दिवस चालते, रोज अठरा होल. जिंकणाऱ्याला हिरवा कोट घालतात.

१९६८ साली शेवटचा दिवस होता रविवार, १४ एप्रिल. आपल्याकडे त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती असते, म्हणून ही तारीख माझ्या लगेच लक्षात राहिली. त्याच दिवशी रॉबर्टो डी व्हिसेन्झो या खेळाडूचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. तो दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशाचा. लहानपणी त्याने गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहण्याचे काम केले होते. आदल्याच वर्षी, १९६७ साली, त्याने इंग्लंडमध्ये ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली होती.

त्या दिवशी तो काय खेळला! पहिला होल चार पारचा. याचा चेंडू दुसऱ्याच फटक्यात सरळ आत. जमलेल्या लोकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचे गाणे म्हटले. पहिले नऊ होल त्याने ३१ फटक्यांत संपवले. सतराव्या होलात, जो चार पारचा आहे, त्याने तीनच फटके घेतले. अठराव्यावर मात्र एक फटका वाया गेला आणि चाराच्या जागी पाच लागले. त्याचा जीव हळहळला.

त्याचे कार्ड लिहीत होता टॉमी एरन. त्याच्या हातून सतराव्या रकान्यात तीनच्या जागी चार लिहिले गेले. सगळ्यांनी मैदानात पाहिले तीन, लाखो लोकांनी दूरदर्शनवर पाहिले तीन, आणि कागदावर झाले चार!

डी व्हिसेन्झो टेबलापाशी बसला. अठराव्या होलची हळहळ मनात घोळत होती, भोवती गर्दी होती. त्याने कार्ड नीट न वाचताच सही केली आणि तो उठून गेला. चूक एरनच्या लक्षात आली, पण तोवर उशीर झाला होता. बॉबी जोन्स हे या स्पर्धेचे संस्थापक. ते तेव्हा आजारी होते. अधिकारी त्यांच्याकडे जाऊन विचारून आले. पण नियम म्हणजे नियम.

निकाल

बॉब गोल्बी (अमेरिका): ७०, ७०, ७१, ६६. एकूण २७७. पहिला.
रॉबर्टो डी व्हिसेन्झो (अर्जेंटिना): ६९, ७३, ७०, ६६. एकूण २७८. दुसरा.
बर्ट यान्सी (अमेरिका): ७१, ७१, ७२, ६५. एकूण २७९. तिसरा.

डी व्हिसेन्झोच्या शेवटच्या ६६ ऐवजी खरे ६५ धरा आणि बेरीज करा. किती आले? २७७! म्हणजे दोघांची बरोबरी. तसे असते तर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या दोघांना पुन्हा अठरा होल खेळावे लागले असते. त्यात कोण जिंकले असते ते कोणीच सांगू शकत नाही. गोल्बीला २०,००० डॉलर आणि हिरवा कोट मिळाला, डी व्हिसेन्झोला १५,००० डॉलर.

आमच्या वर्गातले भांडण

गोष्ट संपली आणि वर्गात दोन तट पडले. मी उभी राहून म्हणाले, "बाई, हा अन्याय आहे. सगळ्यांना खरं माहीत होतं की!" बाई म्हणाल्या, "मग सही कशाला घेतात?" मला उत्तर आले नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "शिक्षा तर एरनला हवी. चूक त्याची." त्यावर बाईंनी सांगितले की डी व्हिसेन्झो स्वतः तसे एकदाही म्हणाला नाही. त्याने एरनला दोष दिला नाही, नियमाला दिला नाही. मूर्खपणा माझाच, असे तो सर्वांसमोर म्हणाला आणि त्याने गोल्बीची तारीफ केली. दोन वर्षांनी, १९७० साली, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याला खिलाडूवृत्तीसाठी बॉबी जोन्स यांच्या नावाचा सन्मान दिला. २०१७ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी तो वारला. आजही लोक त्याचे नाव आदराने घेतात.

गोल्बीचेही मला वाईट वाटते. तो त्या दिवशी उत्तम खेळला होता. पाच पारचा पंधरावा होल त्याने तीन फटक्यांत पुरा केला होता. तरी लोकांनी त्याला रागाची पत्रे लिहिली. त्याचा काय दोष?

आणि एरनचे पुढे काय झाले? १९७३ साली त्याने स्वतः मास्टर्स जिंकली. तेव्हा त्याचे कार्ड जॉनी मिलर लिहीत होता, आणि त्यात तेराव्या होलला चाराच्या जागी पाच लिहिले गेले होते. पण एरनने सही करण्याआधी तपासले आणि चूक दुरुस्त करून घेतली. तो एकाच फटक्याने जिंकला. पाहा, शिकणारा माणूस कसा शिकतो!

ही गोष्ट मला का लागली?

आमच्याकडे दोन म्हशी आहेत. सकाळी दूध घालायला मी जाते. मागच्या पावसाळ्यात एकदा मी ९ लिटर दूध घातले. कार्डावर ९ ऐवजी १ लिहिले गेले. बाहेर पाऊस होता, शाळेला उशीर होत होता. मी कार्ड न बघता पिशवीत टाकले. हिशोबाच्या दिवशी अण्णांना पैसे कमी आले. अण्णा विचारायला गेले तर उत्तर मिळाले, "कार्डावर आहे तेच खरं." आमचे आठ लिटर दूध कागदावरच आटले.

मी घरी रडत म्हणाले, "लिहिणाऱ्याने चूक केली." अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "लिहिणारा चुकंल. माणूसच हाय. पण वाचायला तू शिकलीस ना? आमच्या वेळेला अंगठाच होता." त्या दिवसापासून मी कार्ड तिथेच उभी राहून वाचते. मागे कितीही रांग असू दे.

आमच्या आजीने आयुष्यभर कागदांवर अंगठा उठवला. त्यावर काय लिहिले होते ते तिला दुसऱ्यांनी सांगितले तेवढेच ठाऊक. आपल्याला अक्षर येते. मग ते न वाचणे म्हणजे डोळे असून मिटून चालणे.

पालकांना एक नम्र विनंती. आमच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना आधी ते वाचा. (थोडे गुण कमी असले तर रागावू नका!)

सोडवून पाहा

१. पहिले नऊ होल ३१, पुढचे नऊ खरे ३४, पण कार्डावर ३५. दोन्ही बेरजा करा.
२. मैदानाची पार ७२. चार दिवसांची पार किती? गोल्बीने त्यापेक्षा किती फटके कमी घेतले?
३. आज घरी आलेला कोणताही एक कागद, पावती किंवा वीजबिल घ्या. त्यातला प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून घरच्यांना समजावून सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका. घरी जाऊन करा.

इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी