इंग्रजी आधी कानात, मग ओठांवर : व्हिडिओ, गाणी आणि नाटुकलं



माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. इंग्रजीचा पाठ घडाघडा वाचायची, लेखी चाचणीत पैकीच्या पैकी गुण. एकदा शाळेत पाहुणे आले. त्यांनी तिला सहज विचारलं, "वॉट्स्यर नेम?" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "मॅडम, आपण म्हणतो तसं ते बोललेच नाहीत."

चूक तिची नव्हती. मी वर्गात "व्हॉट - इज - युवर - नेम" असा एकेक शब्द सुटा करून शिकवत होते. इंग्रजीचा खरा आवाज तिच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

असं का होतं?
मराठीत आपण बहुतेक अक्षरांना सारखाच वेळ देतो. इंग्रजीत मात्र महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले लहान शब्द पटकन गिळले जातात. एक प्रयोग करा. "कॅट्स ईट फिश" म्हणा आणि जोराच्या शब्दांवर टाळी वाजवा. तीन टाळ्या. आता "द कॅट्स विल ईट द फिश" म्हणा. शब्द वाढले, टाळ्या तीनच! ही लय पुस्तकात दिसत नाही, ती ऐकावीच लागते.

१) व्हिडिओ : लहान तुकडा, पुन्हा पुन्हा
सुरुवातीला मी अर्ध्या तासाचं कार्टून लावलं. मुलं पोट धरून हसली, पण एक शब्दही शिकली नाहीत. आता मी फक्त दोन मिनिटांचा भाग घेते. 'पेपा पिग' ही इंग्लंडमधली मालिका मला सोयीची वाटते. एक भाग साधारण पाच मिनिटांचा, आणि वाक्यं घरातली, छोटी छोटी.

- पहिल्यांदा आवाज बंद. काय चाललंय याचा मुलांनी अंदाज बांधायचा, मराठीत सांगितलं तरी चालेल.
- दुसऱ्यांदा आवाज सुरू. फळ्यावरच्या तीन शब्दांपैकी एखादा ऐकू आला की हात वर.
- तिसऱ्यांदा खाली इंग्रजी अक्षरं दिसू द्यायची. ऐकलेलं आणि लिहिलेलं इथे जुळतं.
- शेवटी एकेक वाक्य थांबवून त्याच चालीत म्हणायचं.

२) गाणी : अंगातून भाषा
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी सूचना ऐकून कृती करत भाषा शिकण्याची पद्धत मांडली. कृतिगीतांत नेमकं हेच घडतं. मूल बोललं नाही तरी त्याच्या हालचालीवरून त्याला समजलं की नाही ते कळतं. गाणं पाठ झालं की शब्द बदलायला सांगा. शेतावरच्या प्राण्यांच्या गाण्यात आमच्या मुलांनी म्हैस आणि शेळी आणली. आपला कोंबडा "कुकूचकू" करतो आणि इंग्रजीतला "कॉक-अ-डूडल-डू", यावर तर अर्धा तास मजा चालली.

३) नाटुकलं : बोलायला कारण
मुलांना मराठीतून माहीत असलेली गोष्ट निवडावी, म्हणजे सगळं लक्ष भाषेकडे राहतं. आम्ही सिंह आणि उंदीर घेतली. प्रत्येकाला तीन-चार वाक्यं, आणि कागदी मुखवटा. वर सांगितलेली मुलगी उंदीर झाली. ऐन वेळी वाक्य विसरली. क्षणभर थांबली आणि ओरडली, "आय स्मॉल! यू बिग! नो ईट!" वर्ग टाळ्यांनी दणाणला. मी मध्येच दुरुस्त केलं नाही. नाटक संपल्यावर "आय ॲम स्मॉल" हे सगळ्यांकडून लयीत म्हणून घेतलं. पाठ न केलेलं इंग्रजी ती पहिल्यांदाच बोलली होती. मुखवट्यामागे चुकायची भीती वाटत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

पालकांसाठी थोडंसं
स्वतःला इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नका. रोज दहा मिनिटं मुलाजवळ बसून एकच छोटा व्हिडिओ बघा. भरभर वाटला तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग थोडा कमी करता येतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारू नका, "काय झालं रे? मला सांग" एवढंच विचारा. मोबाईल हातात देऊन उठून गेलात, तर ती फक्त करमणूक होते. बघून झाल्यावर मूल बोललं पाहिजे, गायलं पाहिजे, करून दाखवलं पाहिजे.

पाठ्यपुस्तक सोडायचं नाही. त्यातलेच शब्द आणि वाक्यं खऱ्या आवाजात भेटवायची आहेत.

काही महिन्यांनी एक व्हिडिओ बघताना तीच मुलगी एकदम उठून म्हणाली, "मॅडम, 'वॉट्स्यर' म्हणजे आपलं 'व्हॉट इज युवर'च ना?" त्या पाहुण्यांचा प्रश्न तिला आत्ता ऐकू आला होता.

या आठवड्यात दोन मिनिटांचा एक तुकडा निवडा आणि वर्गात करून बघा.