फोटो हलला की हलवला?

फोटो पुसट आला की आपण म्हणतो, "हात हलला." पण मुद्दाम आणलेला पुसटपणा ही चूक नव्हे. त्यातून प्रसंगाचा भाव सांगता येतो.

आपली गोटमार घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव आणि पात्रात रोवलेल्या पळसावर झेंडा. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला, तर उडालेला दगड हवेत थांबल्यासारखा स्पष्ट येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून वेग १/१५ केला, तर झाड स्थिर दिसते. माणसे व दगड मात्र रेघांसारखे पसरतात. पहिल्या फोटोत दगड दिसतो, दुसऱ्यात भीती. शिवाय कोणा जखमीचा चेहरा दाखवावा लागत नाही. आम्हाला हे फार मोलाचे वाटते.

अर्न्स्ट हास यांनी १९५६ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथे बैलझुंजीचे रंगीत फोटो असेच पुसट काढले. त्यांत बैलाच्या आकारापेक्षा त्याचा वेग जाणवतो.

मंद शटरने प्रकाश जास्त येतो, म्हणून ढगाळ दिवशी आयएसओ १०० व ॲपर्चर एफ/१६ ठेवून पाहावे.

गृहपाठ: मैदानावर सायकल चालवणाऱ्या मित्राबरोबर कॅमेरा फिरवत १/३० वेगाने फोटो काढा. मित्र बराचसा स्पष्ट आणि मागची झाडे रेघांसारखी आली, तर जमले समजा. फोटोसाठी गोटमारीच्या काठावर मात्र कोणी जाऊ नये. पालकांनीही याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.